निरभ्र आकाशाखाली पूर

अमेरिकेहून आलेली माणसं मॉलचे फोटो दाखवतात, धबधब्याचे दाखवतात, विमानातल्या जेवणाचेसुद्धा दाखवतात. माझ्याकडे यातलं काही नाही. मी पूर बघून आले. शिरोळ तालुक्यातल्या मुलीला पूर बघायला एवढ्या लांब जायची काय गरज होती, असं आमच्या पूरग्रस्त समितीतल्या प्रत्येकानं विचारून झालंय. सगळ्यांना एकदाच सांगते.

गेले होते मावशीच्या गुडघ्यासाठी. २००६चा एप्रिल. मावशी-काका बॉथेलला राहतात, सिअ‍ॅटलच्या शेजारी. काका सॉफ्टवेअरमध्ये, मावशी नव्या गुडघ्यासकट सोफ्यावर, आणि मी भाजणी, मेतकूट आणि समितीच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या पायाशी. पत्रकं कशाला, असं आईनं विचारलं होतं. मला वाटलं, तिथले शिकलेले मराठी लोक वाचतील. गेल्या पावसाळ्यात आमच्या घराघरात पाणी शिरलं, धरणाचे दरवाजे कधी आणि किती उघडले ते कुणी सांगितलं नाही, याचा जाब विचारणारं पत्रक होतं ते. एका शनिवारी काकांकडे बारा-पंधरा लोक जेवायला आले. मी पत्रक वाटलं. "व्हेरी सॅड," असं म्हणत श्रीखंडाचं भांडं पुढं सरकलं. एका काकांनी तर पत्रकाची चार पदरी घडी केली आणि डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल डगमगायचं थांबलं, एवढाच त्या पत्रकाचा अमेरिकेतला उपयोग.

मावशी काठी टाकून चालायला लागली तशी अनूताई मला न्यायला आली. अनूताई म्हणजे मावशीची मुलगी. जन्म तिथलाच, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. डोंगराच्या पलीकडे, पूर्वेच्या कोरड्या बाजूला, एका काउंटीत नोकरी करते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मावशीच्या शब्दांत सांगायचं तर, "एवढं शिकली आणि बर्फ मोजते."

"मोजते नाही आई, वजन करते," अनूताई म्हणाली. "आणि वैजू, मला ताई म्हणू नकोस यार. आय फील फिफ्टी."

मी ताईच म्हणत राहिले.

घाटमाथा

पहिल्यांदा बर्फ बघणारी माणसं हसतात, गोळे करून फेकतात. मी पण फेकला एक, खोटं कशाला बोलू. मग अनूताईनं पिशवीतून अ‍ॅल्युमिनियमची लांब नळी काढली, तुकडे एकमेकांत पिळून जोडले, आणि उभी नळी बर्फात दाबायला लागली. माझ्या डोक्याच्या वर असलेली नळी छातीशी आली, कमरेशी आली, तरी जमीन लागेना. शेवटी तळाची माती लागली. नळी बर्फासकट उपसली आणि स्प्रिंगच्या काट्याला टांगली.

"बर्फ किती उंच आहे हे इम्पॉर्टंट नाही," ती म्हणाली. "त्यात पाणी किती ते बघायचं. या वर्षी खूप पाणी आहे."

मी मागं वळून बघितलं. सगळे डोंगर, पार दिसेनासे होईपर्यंत, पांढरे. तोपर्यंत मला ते देखणे वाटत होते. त्या क्षणी नाही वाटले. आमच्याकडे पाणी एका भिंतीमागं असतं. भिंतीला दरवाजे असतात, दरवाज्याला साहेब असतो, साहेबाला घेराव घालता येतो. इथं अख्खा डोंगर म्हणजे धरण आणि त्याला दरवाजाच नाही.

"मग हे सोडतो कोण?"

"ऊन," ती म्हणाली.

"आणि कधी सोडणार ते ऊन कुणाला विचारून ठरवतं?"

तिला हसू आलं नाही. पुढच्या आठवड्यात उष्ण हवेचा अंदाज होता, दिवसाही आणि रात्रीही. रात्री वर गोठलं तर नदीला दम खायला मिळतो. नाही गोठलं तर वितळतच राहतं.

मळी

गावाचं नाव देत नाही. कारण पुढं कळेल. सफरचंदाच्या बागा, त्यांना तेव्हा फुलोरा, वरचे डोंगर उघडे आणि पिवळे, आणि मधून नदी. हवा आपल्या जतसारखी कोरडी, ओठ फुटतील अशी. अशा ठिकाणी पूर येईल हे कुणाला सांगून पटणार नाही, मलाही पटत नव्हतं.

पुलाच्या पलीकडे, नदीच्या वळणात, ट्रेलरांची वस्ती होती. चाकांवरची पत्र्याची घरं. पण चाकं नावालाच, वर्षानुवर्षं हललेली नसतात. घर माणसाचं, खालची जागा भाड्याची. राहणारे जवळजवळ सगळे मेक्सिकोचे, बागांत आणि सफरचंदं भरायच्या शेडमध्ये राबणारे. नदीच्या वळणातल्या असल्या जमिनीला आमच्याकडे मळी म्हणतात. मळीत वांगी लावतात. माणसं ठेवत नाहीत.

तिथं ल्युपे राहत होती. तिशीतली, बुटकी, प्रचंड वेगात बोलणारी. पॅकिंग शेडमध्ये कामाला, आणि रविवारी टमाले करून विकायची. अनूताई दर रविवारी तिच्याकडून घ्यायची. मक्याच्या सालात गुंडाळून वाफवलेलं पीठ, आत तिखट मांस. मी उलगडलं आणि म्हणाले, "अगं, ही तर पानगी!" ल्युपेला ते कळलं नाही, पण मी तीन खाल्ले ते तिनं मोजलं आणि चौथा पुढं केला. आतल्या खोलीत तिची आई पलंगावर होती, अर्धांगानं एक बाजू गेलेली. दोन मुली दारात अभ्यास करत होत्या. खिडकीतून नदी दिसत नव्हती. ऐकू येत होती. आमच्या कृष्णेला एवढा आवाज नाही. ही दगड लोळवत जाते, गाडी खडीवरून गेल्यासारखी.

ल्युपेला कामापुरतं मोडकं इंग्रजी बोलता येत होतं. मी विचारलं, "पूर येऊ शकतो, हे कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"वस्तीचा मॅनेजर म्हणतो, कधी आलेला नाही. येणार नाही."

परत येताना मी अनूताईला धरलं. "तुझ्या ऑफिसनं यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलंय. वेबसाइटवर आहे. रेडिओवर रोज आहे."

"कुठल्या भाषेत?"

तिनं पुलाकडे गाडी वळवली.

"ताई, कुठल्या भाषेत?"

"इंग्लिश. वैजू, आम्ही डेटा देतो. घरं सोडा, असं फक्त शेरीफ, म्हणजे इथला पोलीसप्रमुख, सांगू शकतो. मी म्हटलं तर माझी नोकरी जाईल. तसा रूल आहे."

ऐका. आमच्याकडे आकडे लपवतात, म्हणून आम्ही मोर्चे काढतो. इथं आकडे उघड्यावर मांडलेत, तासातासाला ताजे, कुणीही बघावेत. आणि ज्यांच्या उशाशी पाणी येणार त्यांना ते वाचता येत नाहीत. यात कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी काही दडवलेलं नाही. घेराव कुणाला घालायचा?

पूल

उन्हाळा आला. मे महिन्यातच अंगाची लाही. गावातली पोरं अर्ध्या चड्डीत, आइस्क्रीमच्या गाडीमागं. सकाळी मी पुलावर गेले तर पाणी काल रात्रीपेक्षा खाली. दगडावरची ओली रेघ स्पष्ट दिसत होती. वर आभाळ असं, की एक ढग सापडू नये.

मी आनंदानं घरी गेले. "ताई, उतरलं की गं पाणी! आणि पाऊस तर कुठंच नाही."

तिनं कॉफीचा कप ठेवला. "वैजू, हा तुमचा पाऊस नाहीये. दिवसा ऊन पडतं, वर वितळतं, आणि ते पाणी इथे मध्यरात्री पोचतं. मग सकाळी उतरल्यासारखं वाटतं. रोज थोडं चढतं, थोडं उतरतं. उतरतं कमी, चढतं जास्त. जितकं स्वच्छ आभाळ, तितकं डेंजर."

जन्मभर नदीकाठी राहिलेली मी. ढग पांगले की आमच्याकडे बायका गोधड्या वाळत घालतात, सुटलो म्हणतात. इथं निळं आभाळ हीच धोक्याची खूण.

आणि हीच चूक वस्तीचा मॅनेजर रोज करत होता, सगळ्यांच्या वतीनं. सकाळी पिकअपमधून यायचा, नदी बघायचा, "सी? गोइंग डाउन," म्हणत अंगठा दाखवायचा, आणि जायचा. वस्ती त्या अंगठ्यावर विसंबून कामाला जायची.

टपालपेट्या

मला एकच काम येतं. मी पत्रक लिहिलं.

मोठा मथळा, छोटी वाक्यं. पाणी कधी येणार, का येणार, कुठं जायचं, म्हाताऱ्यांना आधी न्या, औषधं बरोबर घ्या. अनूताईला शाळेतलं स्पॅनिश येत होतं. ती आधी नाही म्हणाली, मग नाही नाही म्हणाली, मग डिक्शनरी घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. एकच अट घातली, खाली कुणाचंही नाव नको. ना तिचं, ना ऑफिसचं. मी मान्य केलं. लायब्ररीच्या मशीनवर प्रती काढल्या.

वस्तीच्या तोंडाशी पत्र्याच्या टपालपेट्यांची रांग होती, लाल झेंडीवाल्या. मी उजाडताच जाऊन एकेक पत्रक आत सरकवलं. काय सोय आहे देशाची, असंही मनात आलं. आमच्याकडे दाराला फटीसुद्धा नसतात, कुत्री वेगळीच.

दुपारी अनूताईच्या दारात टपालवाला उभा. गाडीचं स्टिअरिंग उजवीकडं असलेला, पांढऱ्या मिशांचा. हातात माझी सगळी पत्रकं, रबर लावून.

"मॅम, इज धिस युअर्स?"

त्याला लायब्ररीत कुणीतरी सांगितलं होतं. परक्या देशातून आलेली, सलवार घातलेली मुलगी त्या गावात एकच. त्यानं शांतपणे समजावलं, की टपालपेटीत तिकीट न लावलेला कागद टाकणं हा गुन्हा आहे. केंद्र सरकारचा. पेटी माणसानं स्वतःच्या पैशानं आणलेली असली तरी आतली जागा टपाल खात्याची.

"पण काका, पूर येतोय," मी माझ्या इंग्रजीत म्हणाले. काका मराठीतच तोंडून गेलं.

"आय नो," तो म्हणाला. "आय लिव्ह हिअर टू." गठ्ठा माझ्या हातात दिला आणि गेला.

अनूताई जेवायला घरी आलेली, फोनवर होती, तिनं सगळं ऐकलं. फोन ठेवून ती भिंतीला टेकली. "वैजू, तू व्हिजिटर व्हिसावर आहेस. डू यू अंडरस्टँड? पेटीत टाकण्याआधी मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू रूल सांगितला असतास."

"कारण रूल आहे!"

आम्ही दोघी भांडलो. कडाडून भांडलो, ती इंग्रजीत, मी मराठीत. मध्येच मावशीचा फोन आला, थालीपीठ केलंस का तिच्यासाठी, म्हणून. दोघी एकदम "हो" म्हणालो.

संध्याकाळी गठ्ठा घेऊन मी वस्तीत दारोदार गेले. सूर्य तिकडे जेवणवेळ उलटून गेली तरी असतो. दार वाजवलं की आतला टीव्ही बंद व्हायचा. पडदा हलायचा. दार उघडायचं नाही. एक नाही, दुसरं नाही. आयुष्यात कितीतरी गावं फिरले, शिव्या खाल्ल्या, चहाही प्यायले. पण बंद दाराशी असं श्वास रोखलेलं मौन कधी ऐकलं नव्हतं.

ल्युपे शिफ्टहून आली आणि मला हाताला धरून आत ओढलं. "काय करतेस? या वर्षी रोज धाडीच्या बातम्या आहेत. इथं दार ठोठावतात ते माणूस उचलायला."

तिनं पत्रक वाचलं. पालथं घातलं. पुन्हा सुलटं केलं.

"हे कोण म्हणतंय?"

"म्हणजे?"

"खाली नाव नाही. मॅनेजरला आम्ही इथून जायला हवे आहोत, त्याला हॉटेल बांधायचंय असं म्हणतात. हा कागद त्याचा नाही कशावरून? घर टाकून गेले आणि पाणी नाही आलं, तर? आईला उचलून नेऊ कुठं? आणि कुणाच्या शब्दावर?"

आमच्या समितीच्या पत्रकाखाली नावं असतात, गावासकट, म्हणून तर पोलीस घरी येतात. निनावी पत्रक आम्ही चुलीत घालतो. आणि मी काय वाटत होते?

खडीवरून गाडी जाण्याचा तो आवाज वाढला होता. ल्युपेच्या आईनं बऱ्या हातानं पलंगाची कड धरली होती. तिला माझं काही कळत नव्हतं. नदीचं कळत होतं.

बसथांबा

दुसऱ्या दिवशी अनूताई ऑफिसमधून दुपारीच आली. तोंड उतरलेलं. घाटमाथ्यावर रात्रीही गोठलं नव्हतं, आणि आज आदल्या दिवसापेक्षा गरम. "उद्या उजाडायच्या आत पाणी वस्तीत," ती म्हणाली. "आम्ही वर कळवलंय. ते मीटिंग करतायत."

"ल्युपे विचारते, कुणाच्या शब्दावर."

मी तिला आणखी काही बोलले नाही. पत्रकवाल्याला कधी गप्प बसायचं तेही शिकवतात.

तिनं ऑफिसचं नाव असलेलं जाकीट काढलं, खुर्चीवर टाकलं आणि गाडीची किल्ली घेतली.

शाळेची पिवळी बस वस्तीच्या तोंडाशी थांबते. तिची वाट बघत आया उभ्या असतात. दार न वाजवता त्या एका जागी भेटायची ती एकच वेळ. आमच्याकडे याला कोपरा सभा म्हणतात. मी दगडावर चढणार होते, सवयीनं. अनूताईनं खाली ओढलं. ती बायकांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि अडखळत स्पॅनिशमध्ये बोलायला लागली. बर्फ, वजन, ऊन, रात्र. हातानं डोंगर दाखवत होती. बायका ऐकत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. बस आली, पोरं उतरली, आयांचे हात धरून तीही ऐकायला लागली.

मॅनेजरचा पिकअप आला. काच खाली. "काय चाललंय? सकाळी पाणी खाली होतं. सगळ्यांनी बघितलं."

"सकाळी नेहमीच खाली असतं," अनूताई म्हणाली.

"शेरीफनं सांगितलंय घरं सोडायला?"

"नाही."

"तुमच्या ऑफिसनं?"

"नाही."

"मग?" त्यानं बायकांकडे बघून हात पसरले. दोघीतिघी मुलांना घेऊन वळल्यासुद्धा. मला भाषणं येतात, शंभर येतात, पण एकही त्या भाषेत येत नव्हतं.

तेवढ्यात ल्युपे पुढं झाली. आज ती शिफ्टला उशिरा जाणार होती. तिनं अनूताईला एकच विचारलं, आणि मला कळावं म्हणून इंग्रजीतही विचारलं:

"माझी आई तुझी असती, तर आज रात्री तिला इथं झोपवली असतीस?"

अनूताईला डेटा द्यायची परवानगी होती. ही डेटाची गोष्ट नव्हती. तिनं गळ्याशी हात नेला, जिथं ओळखपत्र असतं. तिथं ते नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "माझं नाव अनुजा. मी तो बर्फ मोजते. नाही झोपवली असती."

ल्युपे वळली आणि घराकडे चालायला लागली. पळाली नाही, चालली. तिच्यामागं एक बाई, मग तीन, मग सगळ्याच. मॅनेजर काच वर करून थांबला होता. थोड्या वेळानं त्यानंही स्वतःच्या ऑफिसातलं सामान पिकअपमध्ये टाकायला सुरुवात केली. तोंडानं मात्र शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

ल्युपेच्या आईला आम्ही बागेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चौघींनी उचललं. गेल्या वर्षी आमच्याकडे गुळाच्या काहिलीत बसवून माणसं काढली, तेव्हा आजूबाजूला पाणी होतं, आरडाओरडा होता. इथं लख्ख ऊन, फुललेल्या बागा, आणि कोरड्या रस्त्यावरून खुर्चीत म्हातारी. पलीकडच्या लॉनवर एक गोरा माणूस पाइपनं गवताला पाणी घालत होता. त्यानं हात केला. आम्हीही केला.

शाळेचा हॉल, आणि नंतर

वरच्या शाळेच्या हॉलमध्ये चटया टाकल्या. अनूताईनं घरातलं सगळं पीठ आणलं, माझी भाजणीही, आणि ल्युपेनं थालीपीठ बघून विचारलं, यात मका कुठाय? मी सांगितलं, नसतो. ती म्हणाली, मग हे अर्धंच राहिलं. खाल्लं मात्र.

कुणी झोपलं नाही. उजाडता उजाडता भोंगा वाजला. शेरीफचा हुकूम आला होता. तोवर वस्तीच्या रस्त्यावर पाणी होतं.

आम्ही टेकडीवरून बघितलं. सूर्य वर आला, आभाळ धुतल्यासारखं निळं, आणि खाली तपकिरी पाण्यात ट्रेलर उभे, खिडक्यांपर्यंत. पाणी पावसाच्या पुरासारखं नुसतं मातकट नव्हतं, गारही होतं. धुकं तरंगत होतं त्यावर, उन्हात. टपालपेट्यांची रांग दिसतच नव्हती. ल्युपेनं बोटानं आपलं घर दाखवलं. ते तिरकं झालं होतं. मुलींना वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मला शेडवर सोडता? आजही शिफ्ट चुकवली तर काढतील."

मी म्हणाले, "घर बुडालंय तुझं! सुट्टी मागायची हक्कानं!"

"घर बुडालंय म्हणूनच," ती म्हणाली. माझ्याकडे बघून, रागानं नाही, पोरीला समजावतात तसं.

शेडच्या फाटकाशी ती उतरली, केसांवर जाळी ओढली आणि आत गेली. आत पट्ट्यावर गेल्या हंगामातली सफरचंदं चालू होती. पूर नदीत होता. शेडला काय त्याचं.

अनूताईचा फोन सकाळपासून वाजत होता. तिनं तो प्रत्येक वेळी बघून उलटा ठेवला होता. फाटकाबाहेर गाडी बंद करून तिनं उचलला. पलीकडच्या साहेबाचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाही. ती बराच वेळ ऐकत राहिली, मान हलवत, जणू त्यांना ती दिसतेय.

मग सरळ बसली आणि म्हणाली, "येस. इट वॉज मी. माझं नाव सांगूनच सांगितलं."

शेवटचं वाक्य तिनं मराठीत म्हटलं, साहेबाला. तिच्या लक्षातही आलं नाही.